सत्यशीलाबाईंचा कॉम्प्युटर लवकर उठू लागला

खडकी बाजारातलं सत्यशीलाबाईंचं दुकान उघडायचं तेव्हा शटर वर जायचं आणि बाईंचा पहिला हात जायचा तो कॉम्प्युटरच्या बटणावर. देवाच्या तसबिरीला हार नंतर. त्यात देवाचा अपमान नव्हता. देव काही झोपलेला नसतो, हाक मारली की त्याला ऐकू जातं. कॉम्प्युटरला मात्र उठवावं लागायचं, आणि उठायला तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात बाईंचा केर काढून व्हायचा, दारापुढे पाणी शिंपडून व्हायचं, हार, उदबत्ती, नमस्कार व्हायचा, मागच्या ओट्यावर चहा उकळायचा, गाळायचा, पिऊन व्हायचा, आणि कप विसळून पालथा घातला की मग कुठे पडद्यावर चित्र यायचं. चित्र आलं म्हणजे तो उठला असं नाही. चित्र आलं म्हणजे त्यानं डोळे उघडले. अंथरूण सोडायला अजून अवकाश असायचा.

दुकान म्हणजे एकच खोली. वर पाटी, ‘सत्यशीला टाइपसेटिंग’. मुंज, वास्तुशांत, बारसं, कुणाची पंचाहत्तरी, जे येईल ते बाई टाइप करून, सजवून द्यायच्या. पण दुकानाचा खरा आधार लग्नपत्रिका. आणि पत्रिकेचं काम दुसऱ्या कामासारखं नसतं. वास्तुशांतीला नवरा-बायको येतात, तारीख सांगतात आणि जातात. लग्नपत्रिकेला सगळं खानदान येतं. मुलाचा बाप, चुलता, मामा, आत्या, आणि ज्याला कुणी विचारलेलं नसतं असा एक जावई. सगळे बाकावर दाटीवाटीनं बसायचे, बाई चहा ठेवायच्या, कॉम्प्युटर उठत असायचा. चहा पिता पिता मंडळी भांडून घ्यायची. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाला ‘निमंत्रक’ म्हणायचं आणि कुणाला ‘स्वागतोत्सुक’मध्ये ढकलायचं. कॉम्प्युटर उठेपर्यंत भांडण संपलेलं असायचं, आणि बाई म्हणायच्या, “हां, सांगा आता.” इतकी वर्षं हे असंच चाललं होतं, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं बाईंना कधी वाटलं नव्हतं.

बाई मूळच्या अंबाजोगाईकडच्या. लग्न करून खडकीला आल्या, कारण नवरा उत्तरेश्वर इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होता. क्वार्टरमधल्या बायका दुपारी वाती वळायच्या, स्वेटर विणायच्या. बाईंना दोन्ही जमेना. मग त्या नारायण पेठेत यज्ञेश्वररावांच्या छापखान्यात चिकटल्या. तेव्हा शिशाचे खिळे असायचे. एकेक अक्षर खणातून वेचायचं आणि ओळीत उलटं लावायचं. त्या सवयीनं बाई अजूनही समोर बसलेल्याच्या हातातला पेपर उलट्या बाजूनं वाचतात, आणि त्याच्या आधी पान संपवतात. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आला. यज्ञेश्वरराव म्हणाले होते, “बाई, याच्यात हात काळे होत नाहीत. बाकी फायदा काय ते मलाही ठाऊक नाही.” बाई तेही शिकल्या. उत्तरेश्वरराव निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, तेव्हा बाजाराजवळ घर घेतलं आणि बाईंनी स्वतःचं दुकान टाकलं. छपाई मात्र अजून यज्ञेश्वररावांकडेच. बाईंनी पत्रिका जुळवायची, कॉम्प्युटरवरूनच तिकडे धाडायची, यज्ञेश्वररावांनी छापायची.

तर असा हा कॉम्प्युटर. पण अलीकडे त्याचं फारच झालं. बाईंनी ‘शुभविवाह’ टाइप करून हात मांडीवर ठेवावेत, मग पडद्यावर ‘शु’ यावा, जरा वेळानं ‘भ’. वऱ्हाड मंडपात पोचलं आणि वरात अजून वेशीपाशी, अशी गत. गिऱ्हाइकं चहा पिऊन कंटाळायला लागली. स्टेशनजवळ काचेच्या दाराचं नवं दुकान निघालं होतं, ती तिकडे जायला लागली. तिथे चहा मिळत नव्हता, पण पत्रिका मिळत होती.

बाईंची लेक नम्रता खराडीला कंपनीत कामाला. ती आली की ऐकवायची. “आई, सिरियसली, याला रिटायर कर. तूपण रिटायर हो. माझ्याकडे ये राहायला. खालीच गार्डन आहे, वॉक कर, मजा कर.”

बाईंनी ती मजा एकदा करून बघितली होती. फ्लॅट छान होता. इतका छान, की त्यात बाईंना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या, आणि त्या खिडक्यांतून अशीच एकेक आई इकडे बघत असायची.

“मग नवा कॉम्प्युटर तरी घे,” नम्रता म्हणायची.

नवा घेता आला असता. पण बाईंचा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना. नम्रतानं स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघितलं होतं. अक्षरांच्या जागी चौकटी उमटल्या, रिकाम्या, कुंकू न लावलेल्या कपाळांसारख्या. आणि बाईंचे सगळे साचे त्या जुन्यातच. ज्या घरच्या थोरलीची पत्रिका इथे झाली, त्या घरच्या धाकटीची इथेच व्हायची. साचा उघडायचा, नवरा-नवरी बदलायचे, गेलेल्यांची नावं काढायची, आलेल्यांची घालायची.

दसऱ्याच्या आसपास एक गिऱ्हाईक अर्ध्या पत्रिकेवरून उठून गेलं. जाताना म्हणालं, “काकू, लग्न याच वर्षी आहे.” बाई तशाच रागात घरी आल्या आणि नवऱ्यासमोर, लेकीसमोर, शेजारणीसमोर बोलून बसल्या, “तुळशीच्या लग्नापर्यंत बघते. हा सुधारला तर ठीक. नाहीतर शटर खाली आणि मी खराडीला.” बोलल्या आणि जीभ चावली. पण शेजारीण साक्षीला होती. सत्यशीलाबाई बोललेलं फिरवत नाहीत असा त्यांचा लौकिक, तो त्यांच्याच अंगाशी आला.

त्या दिवसापासून बाईंचं जेवण कमी झालं. नम्रतानं ते बघितलं. लेक ती लेकच. तिनं ऑफिसात चार जणांना विचारलं आणि पुढच्या रविवारी पत्त्यांच्या कॅटएवढी एक चपटी डबी घेऊन आली.

“ही काय?” बाई म्हणाल्या.

“एसएसडी. आई, मशीन तेच राहील, प्रोग्राम तोच, तुझे साचे तेच. फक्त आतली हार्ड डिस्क बदलायची.”

“म्हणजे मेंदू बदलायचा त्याचा.”

“मेंदू नाही गं. कपाट. तुझं सगळं सामान ज्यात आहे ना, ते कपाट. जुन्यात एक तबकडी असते, ती जात्यासारखी फिरते. तू काही मागितलंस की ती गरगर फिरून शोधते. यात फिरणारं काहीच नाही. मिसळणाच्या डब्यासारखं, सगळं समोर. हात घातला की मोहरी.”

हे बाईंना पटलं. तरी भीती होतीच. “सामान हलवताना काही सांडलं तर?”

“सांडत नाही. आधी जुन्यातलं सगळं यात कॉपी करायचं. जुनं जागेवरच राहतं.”

“आणि बसवणार कोण?”

इतका वेळ पेपरमागे बसलेल्या उत्तरेश्वररावांनी पेपर खाली केला. “मी आहे की,” ते म्हणाले.

इथे उत्तरेश्वररावांचं सांगायला हवं. नोकरीभर ते स्फोटक भरायच्या शेडमध्ये होते. तिथे शिरायचं तर अंगात सुती कपडे, खिशात काडीपेटी नाही, हातात अंगठी नाही, आणि दाराशी तांब्याची पट्टी असते तिला हात लावायचा. अंगातली वीज जमिनीत जाते आणि माणूस शांत होऊन आत येतो. निवृत्त होऊन इतका काळ लोटला, तरी हा माणूस देवळात शिरतानाही उंबऱ्याशी उजवा हात कशाला तरी लावतो. लोकांना वाटतं, फार भाविक आहे.

त्यांनी दुकानाचा ताबा घेतला. देवघरातलं तांब्याचं ताम्हन आणलं, वायरीनं नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलं आणि दारात स्टुलावर ठेवलं. “हात लावायचा आणि आत यायचं. नमे, हा ड्रेस कसला? नायलॉन? बदलून ये.”

“बाबा, आपण कॉम्प्युटर उघडतोय, बॉम्ब नाही.”

“बॉम्ब उघडताना पण लोक असंच हसत असतील.”

नम्रता घरी जाऊन आईचा सुती गाऊन घालून आली. मग तिनं कबूल केलं की डबी बसवायच्या व्हिडिओतही असंच काहीसं सांगतात, अंगातली वीज चिपला लागली तर चिप जाते. उत्तरेश्वररावांनी पुढचा हुकूम सोडला, फोन बाहेर. पण कसं करायचं ते सगळं फोनवरच्या व्हिडिओत होतं. शेवटी फोन बाहेरच्या पायरीवर, आवाज मोठा करून, आणि बाई त्याच्यापाशी उभ्या, ‘थांबव’ म्हटलं की थांबवायला. शेजारचा केळीवाला गाडीवरून ऐकत होता. थोड्या वेळानं तोच आत डोकावून सांगायला लागला, “साहेब, चार स्क्रू म्हणाला तो, तुम्ही तीनच काढले.”

पेटीचं झाकण निघालं आणि आत धूळ. उशीतला कापूस वाटावा अशी. उत्तरेश्वररावांनी ब्रशनं ती हळूहळू काढली, आणि त्या धुळीतून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या. मग कुंकू. मग तांदूळ. मूठ भरेल इतके तांदूळ. पंख्याच्या पात्यांत, तारांच्या बेचक्यात, कोपऱ्यात, सगळीकडे अक्षता.

बाईंनीही पायरीवरून आत वाकून बघितलं.

“खंडेनवमीला पूजा करते ना मी,” बाई दारातून म्हणाल्या. “दरवर्षी करते.”

“जाळीतून घालतेस?”

“वरून टाकते. आत जातात त्याला मी काय करू?”

“म्हणजे एवढी वर्षं तू याला जेवू घालत होतीस,” उत्तरेश्वरराव म्हणाले. “पोट भरल्यावर झोप यायचीच.”

नम्रता हसून हसून खाली बसली. केळीवाल्यानंही हसून घेतलं.

सफाई झाली, नवी डबी जुन्या डिस्कशेजारी बसली, तारा जोडल्या आणि कॉपी करायला लावलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. बाईंनी घरून धपाटे आणले होते, दही आणि शेंगदाण्याची चटणी. जेवणं झाली, हात धुऊन झाले, एकेक डुलकी झाली, तरी पट्टी चाललेलीच. बाई मात्र डोळा मिटू शकल्या नाहीत. खडकीतल्या सगळ्या घरांच्या सोयरिकी त्या पट्टीतून पलीकडे चालल्या होत्या. मध्येच लाइट गेली तर काय, एवढा एकच विचार. लाइट गेली नाही. पट्टी भरली.

नम्रतानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

आणि तो उठला, जसा रोज उठायचा तसाच. काळा पडदा. मग गोल फिरणारं ते चक्र. फिरतंय, फिरतंय. उत्तरेश्वररावांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. नम्रता फोनवर काहीतरी शोधायला लागली आणि तिचा चेहरा उतरत गेला. “असं व्हायला नको होतं,” ती दोनतीनदा म्हणाली. बाईंना खराडीची खिडकी दिसायला लागली.

त्या पुढे झाल्या, ताम्हनाला हात लावला, आणि आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा हात पेटीवर ठेवला. आत ओळखीची करकर चालली होती. रोज सकाळी केर काढताना ऐकू यायची तीच.

“नमू,” बाई म्हणाल्या. राग आला किंवा जीव कासावीस झाला की त्यांच्या तोंडी माहेरची भाषा येते. “तू तर म्हणालीस, नव्यात फिरणारं काही नसतंय. मग हे आत कोण करकरायलंय?”

नम्रता थांबली. पेटीला कान लावला. मग कपाळावर हात मारून घेतला. “आई गं. हा जुन्यावरूनच चालू होतोय. दोन्ही कपाटं आत आहेत, हा सवयीनं जुनंच उघडतोय. बाबा, जुन्याची वायर काढा.”

“आधी बंद कर,” उत्तरेश्वरराव म्हणाले. बंद झाला. त्यांनी ताम्हनाला हात लावला, वायर काढली. “हं.”

बाई सवयीनं मागे वळल्या. कॉम्प्युटर उठतोय म्हणजे चहा टाकायचा, हे त्यांच्या हातापायांना पाठ होतं. पातेल्यात पाणी ओतलं, शेगडी पेटवली, आलं किसायला घेतलं.

“आई, चालू झाला.”

“थांब गं, आलं किसतेय.”

“अगं, झाला. पूर्ण. ये.”

बाई किसणी हातात घेऊनच आल्या. पडद्यावर त्यांचं चित्र होतं, त्यांच्या खुणा होत्या, सगळ्या आपापल्या जागी, दारात उभं राहून वाट बघणाऱ्या पोरांसारख्या. बाई खुर्चीत बसल्या. प्रोग्राम उघडला, तो उघडला. साचा मागितला, तो आला. ‘शुभविवाह’ टाइप केलं, आणि बोटाखालून ‘शु’ निघाला की पडद्यावर ‘शु’. पेटीतून आवाज नाही, काही नाही. बाईंनी एक पत्रिका उघडली, मिटली. दुसरी उघडली, मिटली. नवी छत्री मिळालेली पोर घरातल्या घरात छत्री उघडते-मिटते, तसं त्यांचं चाललं. मागे पाणी आटून पातेलं करपलं, तेव्हा कुठे त्या उठल्या.

पुढचे दिवस मजेत गेले. ‘काकूंचा कॉम्प्युटर पळायला लागला’ ही बातमी केळीवाल्यानं केळ्यांबरोबर वाटली. गेलेली काही गिऱ्हाइकं परत आली. बाईंची चाल बदलली, आवाज चढला. कुणी काम घेऊन आलं की बाई आधी बटण दाबून दाखवायच्या, मग ‘काय काम काढलंत’ विचारायच्या.

आणि मग गेनबा आला. गेनबा उत्तरेश्वररावांचा फॅक्टरीतला जोडीदार, एकाच शेडमध्ये होते दोघं. आता लोणी काळभोरला शेती बघतो. थोरल्या मुलीची पत्रिका त्यानं इथेच केली होती, आता धाकट्या भाग्यश्रीचं ठरलं होतं. बरोबर थोरली बहीण गोदाबाई. गेनबाची आई लवकर गेली, त्याला अंगाखांद्यावर वाढवला तो या गोदाबाईंनी. घरात काहीही करायचं तर गोदाबाई पाहिजेच.

“या, गोदाआक्का,” उत्तरेश्वररावांनी बाकावर जागा केली. “गेनबा, बघ आता आमचं मशीन.”

बाईंनी बटण दाबलं. गेनबा बसेपर्यंत कॉम्प्युटर तयार. थोरलीची पत्रिका पडद्यावर.

“आं?” गेनबा म्हणाला. “मागल्या टायमाला तर हितं माझी एक झोप झाली हुती.”

“सांगा पटापट,” बाई म्हणाल्या. बोटं नुसती शिवशिवत होती.

गेनबानं नवरदेवाचं नाव सांगितलं, ते बसलं. तारीख, कार्यालय, बसलं. एक चुलता गेला होता, त्याचं काढलं. “आन् दाजीचं काढा,” गेनबा जरा हळू आवाजात म्हणाला. दाजी म्हणजे गोदाबाईंचे मालक, मागच्याच वर्षी वारले होते. बाईंनी ती ओळ धरली आणि एका बोटानं पुसली. चार नवे जावई आणि एक नातू घातला. नमुन्याचा कागद निघाला. गेनबानं तो हातात घेतला, पण डोळे पडद्यावर. “झाली बी? आमच्याकडं चुलीला जाळ लागत न्हाई एवढ्यात.”

“बघून घ्या हो नीट.”

“बघितली, बघितली. लई झ्याक. धाडा.”

बाईंनी धाडली. नारायण पेठेत यज्ञेश्वररावांकडे गेलीसुद्धा. मग ऐटीत उठून त्यांनी चहा टाकला.

चहा आला. गोदाबाईंनी बशीत ओतला आणि म्हणाल्या, “मला वाचाया येत न्हाई. वाचून तर दावा काय लिव्हलंय.”

बाईंनी कागद घेतला आणि गोड आवाजात वाचायला लागल्या. कुलदैवत, वधू, वर, मुहूर्त. मग निमंत्रक. मग काका-काकू, मामा-मामी, समस्त भावकी. नावांमागून नावं. गोदाबाई प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. शेवटी लहान मुलांची नावं आली, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’, आणि कागद संपला.

गोदाबाईंनी बशी खाली ठेवली. चहा तसाच होता.

“समदी हायेत,” त्या म्हणाल्या. “मीच तेवढी न्हाई.”

बाईंना काय झालं ते तत्क्षणी कळलं. थोरलीच्या पत्रिकेत ती ओळ ‘श्री. व सौ.’ अशी होती. दाजींची ओळ पुसली, त्याच ओळीत गोदाबाई होत्या. मालक गेले, त्यांच्या मागोमाग बायकोही कागदावरून गेली. आणि कुणालाही, कुणालाही दिसलं नाही.

गेनबाच्या तोंडचं पाणी पळालं. “आक्का, आगं, मी कशाला तुझं...”

“ऱ्हाऊ दे. बाईमाणूस म्हंजी नवऱ्याच्या ओळीतली.” गोदाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. “भाग्यश्रीला कडंवर मीच फिरवली, तवा कुनी पत्रिका काढली नव्हती.”

बाहेर पोतं झटकणारा केळीवाला ते तसंच हातात धरून आत बघायला लागला. आणि बाईंना दुसरीही गोष्ट कळली. जुना कॉम्प्युटर असता तर आत्ता कुठे त्यानं डोळे उघडले असते. हा चहा आधी झाला असता. चहात कुणीतरी म्हणालं असतं, दाजी गेले, मग आक्कांचं वेगळं टाका. कुणीतरी म्हणालंच असतं. इतकी वर्षं म्हणतच होते.

बाईंनी फोन उचलला. पलीकडे घंटा वाजत राहिली, मग यज्ञेश्वररावांचा आवाज. “बोला.”

“यज्ञेश्वरराव, पत्रिका थांबवा.”

“कुठली?”

“आत्ता पाठवली ती. छपाईला घातली का?”

“अहो सत्यशीलाबाई,” यज्ञेश्वरराव म्हणाले, “तुम्ही मशीनला चाकं लावलीत हे मला चार ठिकाणांहून कळलं. आनंद आहे. पण आमच्याकडे अजून जुनीच तऱ्हा. सकाळी चालू केलेला कॉम्प्युटर अजून तोंड धुतोय. तुमची पत्रिका आली आहे असं तो मला दुपारी कधीतरी सांगेल, मग मी ती बघेन. तेव्हा थांबवायला काही सुरूच झालेलं नाही.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. “देव तुमच्या कॉम्प्युटरचं भलं करो.”

“सांगतो त्याला. उठला की.”

बाईंनी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं. आधी उत्तरेश्वरराव हसले, मग गेनबा, डोळे पुसत. गोदाबाई हसणार नव्हत्या, पण ‘तोंड धुतोय’ ऐकल्यावर त्यांनाही आवरलं नाही.

बाईंनी मग एक केलं. हात लांब करून कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. नवं पातेलं चढवलं, यावेळी दूध जास्त घालून. “चहा होऊ दे,” त्या म्हणाल्या. “मग बघू.”

चहाबरोबर भांडणही झालं, चांगलं रंगलं. गेनबाचं म्हणणं, आक्काचं नाव सगळ्यांत वर, माझ्यापण वर. गोदाबाईंचं म्हणणं, वर नको, वरची नावं लोक वाचत नाहीत, थेट जेवणाची वेळ बघतात. उत्तरेश्वरराव म्हणाले, निमंत्रक करा. “मी कशाला निमंत्रन देऊ,” गोदाबाई म्हणाल्या, “माझ्या दारात का मांडव हाय?” शेवटी त्यांनीच जागा सांगितली. वधूच्या आईबापाच्या नावाखाली, वेगळ्या ओळीत, दुसऱ्या कुणाची सोबत नाही अशी. आणि नावाआधी फक्त ‘आत्या’.

बाईंनी बटण दाबलं. ओळ घातली. कागद काढला आणि कुणाच्या हातात न देता आधी गोदाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. अथपासून इतिपर्यंत. आपलं नाव आलं तिथे गोदाबाईंनी थांबवलं. “बोट ठेवा त्येच्यावर.” बाईंनी ठेवलं. गोदाबाईंनी त्या अक्षरांकडे नीट बघून घेतलं, ओळख ठेवायची असल्यासारखं. मग बशीतला उरलेला चहा संपवला.

तुळशीच्या लग्नाला नम्रता आली. ऊस बांधून झाला, मंगलाष्टकं झाली, चुरमुरे-बत्तासे वाटून झाले. शेजारीण तिथेच होती, तिला सगळं आठवत होतं. “काय मग,” तिनं विचारलं, “शटर?”

“बोलले होते मी,” बाई म्हणाल्या. “सुधारला तर ठीक. सुधारला.”

“जरा जास्तच सुधारला होता,” उत्तरेश्वरराव म्हणाले. “तिनं त्याला वळण लावलं.”

नम्रतानं आईकडे बघितलं. आई चुरमुऱ्यांचा दुसरा बोकणा भरत होती. खराडीचं तिनं पुन्हा काढलं नाही.

आता दुकान उघडतं तेव्हा शटर वर जातं, केर निघतो, तसबिरीला हार पडतो. गिऱ्हाईक येतं, बाकावर बसतं, चहा येतो. कॉम्प्युटर तसाच काळा बसलेला असतो. कुणी नवखं अधीर होऊन म्हणतं, “काकू, चालू करा ना, लवकर उठतो म्हणे तुमचा.” बाई म्हणतात, “तो उठेल हो. तुमचं आधी भांडून होऊ दे.” त्याच्या डोक्यावर आता क्रोशाचा रुमाल असतो. खंडेनवमीची पूजा त्या रुमालावर होणार आहे, तसा उत्तरेश्वररावांचा लेखी नसला तरी सक्त हुकूम आहे.

परवा यज्ञेश्वररावांचा फोन आला होता. आवाज जरा पडेल होता. “बाई, तुमच्या यजमानांना एकदा पाठवता का इकडे? ते ताम्हन घेऊन. आमचाही कॉम्प्युटर आता सोसवत नाही.”

बाईंनी समोर बघितलं. बाकावर दोन कुटुंबं बसली होती, चहा अजून यायचा होता आणि एक मामा आत्ताच लालबुंद झाला होता.

“पाठवते की,” बाई म्हणाल्या. “लग्नसराई संपली की पाठवते.”